तारेखालची काच : एक प्रस्तावना

तारेच्या खांबावरची तार खांबाला बांधलेली नसते. आडव्या दांडीवर लाकडाची किंवा लोखंडाची खुंटी असते, खुंटीवर काचेचा नाहीतर चिनी मातीचा जाड इन्सुलेटर फिरवून बसवलेला असतो आणि तार त्याच्या कडेच्या खोबणीत बांधलेली असते. शाळेच्या पुस्तकातला विद्युतरोधक तो हाच. अमेरिकेत हे जुने इन्सुलेटर जमवणाऱ्यांचा एक मोठा समाज गेल्या साठ वर्षांत उभा राहिला आहे. त्याच्या उंबरठ्यावर आलेल्या मुलामुलींसाठी हे पुस्तक आहे. त्यांतली काही मराठी घरांतली आहेत, आईवडिलांच्या नोकरीपायी इंडियाना-ओहायोकडे वाढणारी. काही पुण्या-मुंबईत बसून हे वाचतील आणि आपल्याकडच्या रेल्वेलाइनीकडे नव्याने बघतील. दोघांचेही स्वागत.

मुलांनी हा छंद धरावा असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण आधीच सांगून टाकतो. इन्सुलेटर ही स्वतःबद्दलची माहिती स्वतःच्या अंगावर वागवणारी वस्तू आहे. कारखान्याचे नाव, पेटंटची तारीख, कधी दुकानाचा पत्ता, कधी साच्याचा क्रमांक असे सगळे त्या काचेत उठावाच्या अक्षरांत असते. जे अक्षरांत नसते ते रंगात, बुडबुड्यांत आणि आतल्या आट्यांत असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाने एका उन्हाळ्यात लक्ष घातले तर तो साठी उलटलेल्या संग्राहकांशी बरोबरीने वाद घालू शकतो, आणि ते त्याचे ऐकून घेतात. नाण्यांच्या किंवा तिकिटांच्या छंदात नवख्याला इतक्या लवकर इतका मान मिळताना मी पाहिलेला नाही.

ही वस्तू लागली कशाला, हे आधी नीट समजून घ्यावे. सॅम्युएल मोर्सने 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेचा पहिला जाहीर संदेश पाठवला. त्या लाइनीची तार सुरुवातीला शिशाच्या नळीतून जमिनीखाली घालायला घेतली होती. आवरण सदोष निघाले, वीज जमिनीत झिरपू लागली आणि बराच पैसा मातीत गेला. मग तार खांबांवर चढवण्यात आली. हे काम एझ्रा कॉर्नेलच्या देखरेखीखाली झाले. पुढे ज्याच्या नावाचे विद्यापीठ निघाले तोच हा कॉर्नेल. पण खांबावर चढवल्याने प्रश्न संपला नाही. त्या काळच्या तारायंत्राची तार एकच असे, आणि विजेचा परतीचा रस्ता जमिनीतून असे. कोरडे लाकूड वीज सहसा जाऊ देत नाही, भिजलेले लाकूड देते. पावसात प्रत्येक खांबावरून थोडी थोडी वीज जमिनीत उतरत गेली, तर शेकडो खांबांनंतर पलीकडच्या टोकाला यंत्राची पट्टी हलण्याइतकाही प्रवाह उरत नाही. म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये काच आली.

काच आली तरी तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा सलग थर बसला की त्या थरावरून वीज वाहणारच. यावर उपाय म्हणून इन्सुलेटरला खाली घेर दिला. बाहेरून पाऊस कितीही लागला तरी घेराच्या आतली बाजू कोरडी राहते आणि विजेला खुंटीपर्यंत पोचायचे तर बाहेरून खाली, मग आतून वर असा लांबचा रस्ता कापावा लागतो. काही नमुन्यांत एका घेराच्या आत दुसरा घेर असतो, म्हणजे रस्ता आणखी लांबला. पहिला इन्सुलेटर हातात आला की तो उलटा करून आत बघा. सगळी अक्कल आतल्या बाजूला खर्च झालेली आहे.

तिथेच आटेही दिसतील. ते नसतील तर वस्तू जपून खाली ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा, कारण बिनआट्याचा इन्सुलेटर बहुधा 1865 च्या आधीच्या घडणीचा असतो. तेव्हा काच नुसती खुंटीवर ठोकून बसवत. वाऱ्याने तार हलत राही, थंडीत आखडे, आणि काच सैल होऊन खुंटीवरून निसटे. ऑक्टोबर 1861 मध्ये अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी तार सॉल्ट लेक सिटीला येऊन मिळाली ती या बिनआट्याच्या काळात. लुई कोव्हे नावाच्या न्यूयॉर्कच्या एका सुताराला यावर उपाय सुचला. खुंटीला बाहेरून आटे पाडायचे, काचेला आतून, आणि काच खुंटीवर फिरवून घट्ट बसवायची. त्याच्या पेटंटची तारीख 25 जुलै 1865. ऐकायला एवढीशी गोष्ट, पण काचेत आटे पाडायचे म्हणजे साच्यातल्या तापलेल्या काचेत आट्यांचा लोखंडी दांडा दाबायचा आणि काच पुरती घट्ट होण्याआधी तो फिरवून बाहेर काढायचा. क्षण चुकला की माल वाया. ते पेटंट ब्रुकलिनच्या ब्रुकफील्ड या काच कारखान्याकडे गेले आणि पुढची अनेक वर्षे त्यांच्या मालावर ती तारीख उमटत राहिली.

ब्रुकफील्डचा माल नव्या संग्राहकाला फार शिकवतो. त्यांच्या इन्सुलेटरवर न्यूयॉर्कमधल्या कचेरीचा पत्ताही असे : 55 फुल्टन स्ट्रीट, 83 फुल्टन स्ट्रीट, 45 क्लिफ स्ट्रीट. कचेरी हलली की साच्यावरचा पत्ता बदलावा लागे. कधी जुना पत्ता बुजवून त्यावर नवा कोरलेला असतो आणि काच तिरपी धरली की खालची पुसट अक्षरे अजून वाचता येतात. कधी एन हे अक्षर उलटे पडलेले दिसते, कारण साच्यात सगळेच उलटे कोरावे लागते आणि कोरणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर सुलटे राहून जाते. असा नग सापडला की मुले आनंदाने ओरडतात. तो आनंद खरा आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचा हात त्या एका अक्षरापुरता थेट दिसतो.

तरी बहुतेकांचा पहिला इन्सुलेटर ब्रुकफील्डचा नसतो, हेमिंग्रेचा असतो, आणि त्यातही हेमिंग्रे-42. ही कंपनी 1848 मध्ये सिनसिनाटीत सुरू झाली, मग ओहायो नदी ओलांडून केंटकीतल्या कोव्हिंग्टनला गेली, आणि 1888 मध्ये इंडियानातल्या मन्सी गावी. इंडियानात तेव्हा जमिनीखाली नैसर्गिक वायूचे साठे सापडले होते. काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, त्यामुळे जिथे इंधन स्वस्त तिथे काचवाले धावले. मन्सीत हेमिंग्रेने जे इन्सुलेटर काढले ते अमेरिकाभर रेल्वेच्या कडेने, टेलिफोनच्या खांबांवर, उसाच्या आणि मक्याच्या शेतांतून पसरले. 42 क्रमांकाचा नमुना इतका निघाला की आजही तो एक-दोन डॉलरला मिळतो, कित्येकदा फुकट. अनुभवी मंडळी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. नव्या मुलांनी मात्र तिथूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

त्याच्या घेराच्या खालच्या कडेला बारीक दाण्यांची रांग असते. 2 मे 1893 चे हेमिंग्रेचे पेटंट या दाण्यांचेच. सपाट कडेवर पाणी पसरून राहते, दाण्यांच्या टोकांशी मात्र त्याचे थेंब होतात आणि गळून पडतात, म्हणजे कड लवकर कोरडी होते. 1933 मध्ये ओवेन्स-इलिनॉय कंपनीने हेमिंग्रे विकत घेतली, त्यानंतरच्या मालावर एक छोटा हिशेब कोरलेला सापडतो. दोन आकडे, मधे आडवी रेघ, आणि पुढे ठिपके. पहिला आकडा साच्याचा, दुसरा वर्षाचा, आणि दरवर्षी तोच साचा वापरताना त्यावर एक ठिपका वाढवलेला. 45 च्या पुढे चार ठिपके असतील तर ती काच 1949 ची. एवढे कळल्यावर आठ वर्षांचे मूल खोकेभर 42 जमिनीवर मांडून त्यांची वर्षवार रांग लावते आणि कोणती वर्षे कमी आहेत ते शोधायला लागते. संग्रह तिथे सुरू होतो. तोवर फक्त काचा असतात.

रंगाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण डोळा आधी रंगावर जातो. विजेला काचेचा रंग कसाही चालतो. तार कंपनीलाही तो कसाही चाले, तिला हवी होती स्वस्त आणि न फुटणारी वस्तू. त्यामुळे काचवाल्यांनी रंगाची फिकीर केली नाही आणि ज्या वाळूत जसे लोखंड होते तसा रंग उतरत गेला. जुन्या इन्सुलेटरचा सर्वांत नेहमीचा रंग फिकट निळसर हिरवा, तो वाळूतल्या लोखंडाचा. भट्टीत फुटक्या बाटल्या पडल्या, आदल्या कामाची तपकिरी काच तळाशी उरली, राख पडली, की हिरव्यात मधाच्या रंगाची लाट उमटे किंवा दुधट ढग येई. कोबाल्टचा गर्द निळा रंग क्वचित दिसतो आणि त्याची किंमत एकदम वर जाते. काही ठिकाणी लोखंडाचा हिरवेपणा मारण्यासाठी मँगनीज घालत. ही काच कारखान्यातून जवळजवळ पांढरी बाहेर पडे, पण वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळी होत जाई. कॅलिफोर्नियात लाँग बीच इथे 1912 च्या सुमारास काही वर्षे चाललेल्या एका कारखान्याचे इन्सुलेटर या जांभळ्या छटांसाठी प्रसिद्ध आहेत. आणि पायरेक्स, जे नाव आपल्याला स्वयंपाकघरातून ठाऊक असते, त्याच काचेचे इन्सुलेटर कॉर्निंग कंपनीने काढले. त्यांतल्या काहींवर तेलाच्या तवंगासारखी झगमगती नारिंगी झाक आहे. ती शोभेची नव्हे. जास्त दाबाच्या तारेजवळ बारीक ठिणग्या उडून आसपासच्या रेडिओत खरखर येई, ती थांबवण्यासाठी काचेवर हा थर दिलेला होता.

रंगापाशीच नवखे फसतात. विरळ रंगाला पैसा मिळतो म्हटल्यावर बनावट रंग करणारे निघालेच. मँगनीज असलेल्या पांढऱ्या काचेवर किरणोत्सार सोडला की ती गडद जांभळी होते, उष्णता देऊन छटा बदलता येते, वरून रंगाचा थर चढवता येतो. अशा काचा बाजारात भरपूर आहेत आणि त्या विकणारा दरवेळी ते सांगतोच असे नाही. माझे मत यात कठोर आहे. मुलाने पहिली दोन-तीन वर्षे रंगासाठी जादा पैसे मोजूच नयेत. त्या वेळात शंभर खऱ्या काचा उजेडात धरून बघाव्यात. कोणता नमुना कोणत्या रंगात निघाला याच्या याद्या उपलब्ध आहेत. जॉन आणि कॅरोल मॅकडूगल्ड यांचा 1990 मधला मोठा ग्रंथ त्यासाठीच मोलाचा मानतात. ज्या नमुन्यात जांभळा निघालाच नाही तो जांभळा समोर आला तर उत्तर सोपे आहे.

ही शिस्त या छंदात आली कुठून, त्याचे श्रेय टेक्सासच्या एन. आर. वुडवर्ड यांना द्यावे लागते. 1950 च्या दशकात, जेव्हा हे जमवणारे मोजकेच होते, तेव्हा त्यांनी काचेच्या इन्सुलेटरांच्या आकारांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. कारखाना कोणताही असो, रंग कोणताही असो, आकार एक असेल तर क्रमांक एक. संग्राहक त्याला सीडी क्रमांक म्हणतात. हेमिंग्रे-42 हा सीडी 154. मधमाश्यांच्या पोळ्याच्या घाटाचा म्हणून लाडक्या झालेल्या आकाराचा क्रमांक 145. डोक्यावर दोन कान असलेला, मुलांना सगळ्यात आधी आवडणारा 'मिकी माउस' म्हणजे 257. चिनी मातीच्या इन्सुलेटरांचे असेच काम पुढे जॅक टॉड यांनी केले, त्यांचे क्रमांक यू अक्षराने सुरू होतात. 1969 पासून या छंदाचे स्वतःचे मासिक निघू लागले आणि 1973 मध्ये संग्राहकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एका माणसाने घरी बसून केलेल्या वर्गीकरणावर हजारो लोक एकमताने चालतात, कोणी दुसरी पद्धत काढून भांडत बसत नाही, हे मला फार मोठे काम वाटते. ज्याला पुढे प्राणिशास्त्र किंवा भाषाशास्त्र शिकायचे आहे त्यानेही वर्गीकरण म्हणजे काय ते इथे अनुभवावे.

प्रदर्शनाला जाणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. टेबलांच्या ओळी लागलेल्या असतात, त्यांवर काचेमागे दिवे लावून काही हजार डॉलरचे नग मांडलेले असतात, आणि त्याच टेबलाखाली एखादे खोके असते. खोक्यातले इन्सुलेटर मुलांना फुकट घेऊ देतात, निदान अगदी नाममात्र पैशात. बुजू नका. आजोबांच्या वयाच्या माणसाला सरळ विचारा, हा कुठला, हा असा का दिसतो. त्यांतले अनेक जण आयुष्यभर रेल्वेत किंवा टेलिफोन कंपनीत लाइनमन होते. खांबावर चढून त्यांनी हे बदललेले आहेत. तार कशी ताणतात, बर्फ साठला की खांब ओळीने कसे कोसळतात, बंदुका घेऊन आलेली पोरे नेम धरून काचा कशा फोडत, हे तुम्हाला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्यांच्याकडून अधिक कळेल. ही माणसे आता थकत चालली आहेत. म्हणून हे प्रश्न यंदाच विचारा.

आता एका गोष्टीबद्दल निक्षून. खांबावर चढायचे नाही. जुना, ओसाड, वेलींनी वेढलेला खांब दिसला तरी चढायचे नाही. तो तळाशी कुजलेला असतो, आणि वरची तार बंद आहे हे खालून बघून कोणालाही ठरवता येत नाही. रेल्वेच्या कडेला पडलेली लाइन टाकून दिलेली वाटते, पण जमीन रेल्वेची असते, खांब रेल्वेचे असतात आणि परवानगीवाचून तिथे जाणे हा गुन्हा आहे. आपल्या भारतात तर हे आणखी काटेकोरपणे पाळावे. अमेरिकेत गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेल्वे आणि टेलिफोन कंपन्यांनी रेडिओ आणि प्रकाशतंतू वापरायला घेतले, उघड्या तारांच्या लाइनी उतरवल्या, आणि त्यातूनच हे खोकी भरून इन्सुलेटर बाजारात आले. आहे तेवढा साठा रीतसर मार्गाने मिळण्याइतका भरपूर आहे. साफ करण्यासाठी मोठी माणसे ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, ते विषारी आहे. मुलांनी कोमट पाणी, साबण आणि जुना दातांचा ब्रश यांवर भागवावे. इंजिनाची काजळी एका धुण्यात जात नाही, चार दिवस भिजवली की सुटते.

आपल्याकडे काचेचे इन्सुलेटर असे जमवलेले फारसे दिसत नाहीत, कारण आपल्या डोळ्यांना सवय आहे ती पांढऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांची. भारतातल्या तारेचा इतिहास मात्र अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून चालतो. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने 1839 मध्येच कलकत्त्याजवळ बांबूच्या खांबांवर तार टांगून प्रयोग केला होता, आणि 1850 च्या दशकात त्याच्याच हाताखाली कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडली गेली. अमेरिकेत वेस्टर्न युनियनने तारसेवा जानेवारी 2006 मध्ये थांबवली, आपली जुलै 2013 मध्ये थांबली. मधल्या दीडशे वर्षांत घाटातल्या दरडी, कोकणातला पाऊस, विदर्भातला उन्हाळा या सगळ्यांत ती तार ज्यावर टिकली ती वस्तू आपण कधी हातात घेऊन पाहिली नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात भंगारवाल्याकडे असा एखादा नग दिसला तर विकत घेताना तो कुठून आला ते जरूर विचारा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवून पुण्याला एक आख्खे संग्रहालय दिले. इन्सुलेटर त्याच जातीची वस्तू आहे.

नव्या माणसांना करायला अजून पुष्कळ काम शिल्लक आहे. बिनआट्याच्या काळातले कित्येक नमुने कोणत्याही नावाशिवाय आहेत आणि त्यांचा कारखाना ठरलेला नाही. कारखान्यांच्या वह्या जळाल्या, पाण्यात गेल्या, रद्दीत गेल्या. जे ठरते ते बहुतेकदा जागेवरून ठरते. एखाद्या जुन्या भट्टीच्या ढिगाऱ्यात एका आकाराचे तुकडे सापडले, किंवा एकच नमुना एका ठरावीक लाइनीवरच वारंवार आढळला, तर धागा मिळतो. पण त्यासाठी तो कुठे सापडला हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते, आणि आधीच्या पिढ्यांनी नेमके तेच पुष्कळदा केले नाही. काच आणली, धुतली, फळीवर ठेवली, आणि कोणत्या गावातून आणली ते विसरले.

म्हणून या पुस्तकाच्या शेवटी कोरी पाने जोडावीत, असे मी प्रकाशकांना सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. प्रत्येक नगासाठी एक ओळ : क्रमांक, रंग, अक्षरे जशी आहेत तशी, चुकांसकट, घेराला टवका असेल तर तो, कुणाकडून मिळाला, कोणत्या लाइनीवरचा, कोणत्या गावचा, आणि तारीख. पेन्सिलीने नको, शाईने लिहा. फुटका तुकडा मिळाला तरी त्याचीही ओळ लिहा.